बर्फात मॅरेथॉनची तयारी: शूजवर चढवायचे स्पाइक्स, अख्खा हिवाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. हिवाळ्यात बाहेर पळायचं असेल आणि रस्त्यावर बर्फ असेल तर जॅकेट, घड्याळ, हेडलॅम्प सगळं नंतर, पहिला पैसा पायाखालच्या ग्रिपवर घाला. मी वापरतेय ते नेहमीच्या रनिंग शूजवर वरून चढवायचे स्पाइक्स, म्हणजे रबरी पट्टा आणि खाली टंगस्टन कार्बाइडची बारीक टोकं. डिसेंबरपासून मार्चच्या शेवटापर्यंत वापरलेत, दुकानातून आणून दोन दिवसात लिहिलेला रिव्ह्यू नाहीये हा.

हे सगळं कशासाठी, तर लहान मुलांच्या कॅन्सरच्या उपचारांसाठी निधी जमवायला मी एप्रिलमधली मॅरेथॉन पळणार आहे. लंडन, बॉस्टन अशा मोठ्या मॅरेथॉन एप्रिलमध्येच असतात आणि तयारीला साधारण 16 ते 18 आठवडे लागतात, म्हणजे सगळे महत्त्वाचे लाँग रन (सरावातल्या लांब पल्ल्याच्या धावा) नेमके ऐन थंडीत येतात. त्यात लोकांनी आधीच पैसे दिलेले असतात, कुणी कुणी तर आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने दिलेत, मग आज बर्फ आहे, उद्या बघू असं म्हणायला जीव धजत नाही. ट्रेडमिल आहेच, पण 42.195 किलोमीटर रस्त्यावर पळायचे तर पायांना रस्त्याची सवय पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आता ग्रिपबद्दल. ताज्या, भुसभुशीत बर्फाला स्पाइक्स लागतच नाहीत, खोल खाचांचे ट्रेल शूज पुरतात. खरा धोका असतो तो दिवसा थोडा वितळून रात्री परत गोठलेल्या बर्फाचा, आणि ब्लॅक आइसचा, कारण तो पातळ आणि पारदर्शक असतो, खालचं डांबर जसंच्या तसं दिसतं, रस्ता नुसता ओला वाटतो. तारेच्या स्प्रिंगा असलेले ग्रिप मिळतात, ते बर्फात चालायला ठीक आहेत, पण कडक बर्फावर तार नुसती टेकते, रुतत नाही. साखळीला लांब दात असलेले डोंगरावर उत्तम, पण फुटपाथ मध्येच कोरडा लागला की प्रत्येक पावलाला तळव्यावर हातोडा बसतो. शहरातल्या रस्त्याला, जिथे शंभर पावलं बर्फ आणि पुढची शंभर कोरडं डांबर असतं, तिथे ही काही मिलिमीटरची कार्बाइडची टोकंच बरी. साध्या स्टीलपेक्षा कार्बाइड खूप कठीण, म्हणून डांबरावर लवकर बोथट होत नाही. माझ्या जोडीची टाचेखालची टोकं थोडी झिजलीत, पुढची अजून चांगली आहेत.

माझ्या रूटवर एका वळणावर इमारतीच्या पन्हळीचं पाणी फुटपाथवर पसरून गोठतं, चांगला दोन-तीन पावलांचा पट्टा, वरून कधी पावडरसारखा बर्फ पडलेला त्यामुळे दिसतही नाही. स्पाइक्स असले की तिथे पाय टेकताना कर्र असा आवाज येतो आणि पाय जिथे ठेवला तिथेच राहतो. ग्रिप नसेल तर घसरण्याच्या भीतीनेच अंग आखडतं, पावलं बारीक पडतात, खांदे वर चढतात, आणि मग न पडताही जांघा आणि पोटऱ्या दुखतात. ती भीती गेली, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

पण मर्यादा नीट समजून घ्या. कोरड्या रस्त्यासारखी पकड मिळत नाही, उतारावर आणि वळणावर वेग कमी करावाच लागतो. गुळगुळीत फरशीवर तर हीच टोकं उलटी घसरतात, दुकानात किंवा जिन्यात शिरायच्या आधी काढायचे म्हणजे काढायचेच. थंडीत रबर कडक होतं, म्हणून घरातच चढवा, बाहेर गारठलेल्या बोटांनी जमत नाही. पट्टा बोटांवर दाबला गेला की रक्त कमी पोचतं आणि बोटं जास्त गार पडतात, मी लेस थोड्या सैल ठेवते. फेब्रुवारीत बाहेरच्या बाजूला रबराला बारीक चीर दिसली, अजून टिकून आहे पण लाँग रनच्या आधी दर वेळी बघते. रस्त्यावरच्या मिठाने धातूच्या भागांना गंज धरतो, आल्याबरोबर साध्या पाण्याने धुवून सुकवा. मिठाचंच अजून एक, साधारण उणे 9-10 अंशांच्या खाली ते नीट काम करत नाही, त्यामुळे मीठ टाकलंय म्हणजे रस्ता सेफ आहे असं कडाक्याच्या थंडीत धरू नका.

वेगाचं म्हणाल तर बर्फात घड्याळातला पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, बघणं मी सोडून दिलं. तेवढ्याच दमात वेग कमीच येतो, म्हणून किलोमीटरऐवजी वेळ धरून पळते आणि बोलता येईल इतकाच जोर लावते. वाऱ्याकडे मात्र बघाच, उणे 10 तापमानाला ताशी 30 किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे 20 इतकं लागतं. मी जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जाते आणि येताना वारा पाठीवर घेते, कारण घामाने ओलं झालेलं अंग घेऊन परतीला समोरून वारा खाणं फार वाईट. त्याच कारणाने आत कॉटन अजिबात नको. पाण्याच्या पिशवीची नळी गोठते, घोट घेतला की फुंकर मारून नळीतलं पाणी परत आत ढकलायचं. पळताना खायचं एनर्जी जेल आतल्या खिशात, अंगाजवळ, नाहीतर दाताने ओढून काढावं लागतं.

आणि बर्फाळ पाऊस, म्हणजे पडल्या पडल्या गोठणारा पाऊस, पडत असेल तर स्पाइक्स असले तरी बाहेर जाऊ नका. त्या दिवसासाठीच ट्रेडमिल आहे. पाय मोडून घेतला तर ज्यांच्यासाठी पळतोय त्यांचा काहीच फायदा नाही.

शेवटचे तीन आठवडे, रस्ते मोकळे झाल्यावर, मी स्पाइक्स पूर्ण काढून ठेवलेत, कारण रेसच्या दिवशी ते नसणार आणि पायाला त्या हलक्या शूजची लय परत सापडायला हवी. घेणार असाल तर नुसता शूजचा नंबर बघून मागवू नका, जाड सोलचे शूज असतील तर ते सोबत नेऊन चढवून बघा, पुढचा पट्टा अंगठ्यावर येत असेल तर एक साइज मोठी घ्या, आणि दोन साइजच्या मध्ये असाल तर टाचेकडे घट्ट बसेल ती.