व्ही३०, व्ही६० की व्ही९०? लाल दिवा लवकर विझवणारं कार्ड

मेमरी कार्डाच्या वेष्टनावर ठळक छापलेला आकडा वाचनाचा असतो, लिहिण्याचा नाही, हे एव्हाना बहुतेकांना ठाऊक आहे. लिहिण्याचा वेग मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो, काही कार्डांवर तर तोही नसतो. तेव्हा तो धडा पुन्हा गिरवत नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कॅमेऱ्यात एसडी स्लॉट आहे, पक्षी, खेळ किंवा पळणारी पोरं असं काहीतरी हलणारं टिपायचं आहे. यूएचएस म्हणजे कार्ड आणि कॅमेरा यांच्यातल्या जोडणीचा प्रकार, २ हा १पेक्षा वेगवान; ‘व्ही’पुढचा आकडा म्हणजे सेकंदाला निदान तेवढे मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. तर यूएचएस-१ मधलं साधं व्ही३० घ्यावं, यूएचएस-२ मधलं व्ही६० घ्यावं, की एकदाच खिसा हलका करून थेट व्ही९०? माझ्या बॅगेत तिन्ही आहेत. कॅमेऱ्यात मात्र बहुतेक वेळा एकच असतं, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा खटाटोप.

आधी व्ही३०ची बाजू घेतो, कारण तिच्यासाठी बोलणारं फारसं कुणी भेटत नाही. एकेक फ्रेम विचार करून टिपणाऱ्याला, म्हणजे निसर्गदृश्यं, पोर्ट्रेट, स्टुडिओतली कामं करणाऱ्याला व्ही३० पुरून उरतं. तुम्ही दुसरी फ्रेम जुळवेपर्यंत पहिली कार्डावर पोचलेली असते. हलक्या जेपेग फाइली काढणाऱ्यांनाही सहसा तक्रारीला जागा नसते. व्हिडिओचं म्हणाल, तर अनेक कॅमेऱ्यांतलं नेहमीचं फोर-के १०० मेगाबिटचं असतं. आठाने भागलं की सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. व्ही३० निदान ३० मेगाबाइटची हमी देतं, म्हणजे दुपटीहून जास्त. यात भर म्हणजे कॅमेऱ्याचा स्लॉटच यूएचएस-१ असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही. सोनी ए६४०० किंवा कॅनन ६डी मार्क टू घ्या. यूएचएस-२ कार्ड त्यांत बसतं, चालतंही. पण पाठीमागची पिनांची दुसरी रांग कशालाच टेकत नाही आणि कार्ड यूएचएस-१च्याच वेगाने चालतं. पैसे मात्र दोन्ही रांगांचे गेलेले असतात.

एक कानगोष्ट इथेच सांगून टाकतो. यूएचएस-१ची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट आहे. तरीही त्याच जातीच्या कार्डांवर १७०, २०० असे आकडे दिसतात. ते खोटे नसतात, पण त्या कंपन्यांनी ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊन बसवलेल्या युक्तीचे असतात आणि त्यासाठी तसाच कार्ड रीडर लागतो. कॅमेऱ्याला सहसा ती युक्ती कळत नाही. त्यामुळे कॅमेऱ्यात लिहिताना ही कार्डं माझ्या अनुभवात ७०–८०च्या आसपासच रेंगाळतात. काहींना थोडं जास्त मिळतही असेल.

आता मला व्ही३०पासून दूर नेणाऱ्या कटकटीकडे येतो. ती वेगाची नाही, वाट पाहण्याची आहे.

खंड्या पाण्याकाठच्या फांदीवर बसलेला आहे. मान खाली झुकते, तो सूर मारतो, तुम्ही शटर दाबून धरता. दोन-तीन सेकंदांत तो मासा घेऊन परत फांदीवर. आता पहिली गरज काय असते? फोकस डोळ्यावर बसला की मागच्या लव्हाळ्यावर, हे बघण्याची. प्लेचं बटण दाबावं तर पडद्यावर ‘कार्डवर लिहीत आहे’ अशा अर्थाचा निरोप. बरं, निदान फोकसचा मोड बदलून घेऊ, म्हणून मेन्यूत जावं तर तो पर्याय पुसट झालेला, बोट ठेवलं तरी उघडत नाही. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा लाल दिवा लुकलुकतोय. तेवढ्यात खंड्या पुन्हा मान झुकवतो. बफरमध्ये, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात त्या कॅमेऱ्याच्या आतल्या तात्पुरत्या जागेत, जेमतेम चार फ्रेमांची जागा मोकळी झालेली असते, आणि नेमक्या त्या चारही त्याच्या सूर मारण्याआधीच्या निघतात.

काही नव्या कॅमेऱ्यांत लिहिणं चालू असतानाही आधीचे फोटो बघता येतात, हे खरं. माझ्या कॅमेऱ्यात नाही, आणि मधल्या वर्गातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे. म्हणून ‘हे कार्ड सेकंदाला किती लिहितं’ यापेक्षा ‘कॅमेरा मला किती वेळात परत मिळतो’ हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो.

त्याचं गणित कागदावरही करता येतं. चोवीस मेगापिक्सेलची कॉम्प्रेस केलेली रॉ फाइल, म्हणजे सेन्सरवरची जवळजवळ कच्चीच नोंद, साधारण ३० मेगाबाइटची धरू. बफरमध्ये साठ फ्रेमा जमल्या, म्हणजे १,८०० मेगाबाइट. कार्ड ७५ने लिहीत असेल तर बफर रिकामा व्हायला २४ सेकंद. १३०ने लिहिणाऱ्याला १४ सेकंद. २२०ने लिहिणाऱ्याला आठ. आणि बफर भरल्यावरही शटर दाबूनच ठेवलं, तर कॅमेरा कार्डाच्या चालीने चालतो: पहिल्या कार्डावर सेकंदाला अडीच फ्रेमा, दुसऱ्यावर चारच्या वर, तिसऱ्यावर सात. चोवीस सेकंद ऐकायला काही फार वाटत नाहीत. पण फांदीवर पक्षी आणि हातात बंद पडल्यासारखा कॅमेरा घेऊन ते काढून बघा.

७५ व्ही३०चा, २२० व्ही९०चा; १३० हा आकडा मी व्ही६०साठी धरला आहे, आणि इथे जरा सबुरीने घ्यायला हवं. व्ही६० म्हणजे सलग लिहिताना वेग ६० मेगाबाइटच्या खाली जाणार नाही, एवढीच हमी. वर किती जाईल, याबद्दल ते अक्षर काहीच बोलत नाही. त्यामुळे व्ही६० नावाखाली शंभराच्या आसपास घुटमळणारी कार्डं आहेत आणि दोनशेच्या पुढे जाणारीही आहेत. अनेकदा एकाच मालिकेत लहान क्षमतेचं कार्ड हळू लिहितं आणि मोठं भरभर. काही कार्डं सुरुवातीचा काही भाग झपाट्याने लिहितात आणि तो राखीव वेगवान भाग संपला की पाय ओढायला लागतात. फोटोंच्या छोट्या-छोट्या झडींत, म्हणजे शटर दाबून धरून सलग घेतलेल्या फ्रेमांत, हे जाणवत नाही, लांब व्हिडिओत जाणवू शकतं. म्हणून व्ही६० घेताना लिहिण्याचा छापील आकडा १२०च्या खाली असेल, तर मी ते कार्ड दुकानातच ठेवतो. आकडा छापलेलाच नसेल, तरीही.

व्ही६० कॅमेऱ्यात घातल्यावर पहिल्याच सकाळी काय बदललं, तर मी लाल दिव्याकडे बघणं थांबवलं. दिवा लागतो, पण डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढून, मान मोकळी करून प्लेचं बटण दाबेपर्यंत बरेचदा विझलेलाही असतो. कारण प्रत्यक्षात मी साठ फ्रेमांची झड क्वचितच मारतो. पंधरा-वीस फ्रेमा, थोडं थांबणं, पुन्हा पंधरा. वीस फ्रेमा म्हणजे ६०० मेगाबाइट. व्ही३०वर आठ सेकंद, व्ही६०वर साडेचारच्या आसपास. आठ सेकंदांत कटकट जाणवते. साडेचार सेकंदांत, मला तरी, नाही.

मग व्ही९०ने आणखी चांगलंच होईल ना? होतं. वीस फ्रेमांसाठी तिथे तीन सेकंदही लागत नाहीत. पण साडेचारवरून तीनवर आल्याचा आनंद मला शोधावा लागला. आठवरून साडेचारवर आल्याचा शोधावा लागला नव्हता. शिवाय कॅमेऱ्याची स्वतःचीही एक मर्यादा असते. स्लॉट यूएचएस-२ असला, तरी आतली यंत्रणा दर सेकंदाला जेवढं देऊ शकते तेवढंच कार्ड लिहिणार. मधल्या वर्गातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ही मर्यादा व्ही९० कार्डाच्या कुवतीच्या बरीच अलीकडे संपते. माझ्या कॅमेऱ्यात दोन्ही कार्डांतला फरक आहे, पण किमतीतल्या फरकाच्या मानाने किरकोळ आहे. व्ही९०ची किंमत तेवढ्याच क्षमतेच्या व्ही६०च्या बहुधा दुप्पट, कधी त्याहूनही जास्त असते. त्या पैशांत दुसरं व्ही६० येतं, आणि बॅगेतल्या दुसऱ्या कार्डाचा उपयोग मला पदोपदी झालेला आहे.

व्ही९०ला मोडीत काढायचा माझा हेतू नाही. जिथे ते लागतं तिथे दुसरं एसडी कार्ड चालत नाही. सोनी ए७एस थ्रीमधलं ऑल-इंट्रा (प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवणारं) फोर-के, सेकंदाला साठ फ्रेमांचं, ६०० मेगाबिटपर्यंत जातं. म्हणजे ७५ मेगाबाइट. व्ही६०ची हमी तिथे अपुरी पडते आणि कॅमेरा व्ही९० मागतो, नाहीतर सीएफएक्सप्रेस हे वेगळ्या जातीचं, जास्त वेगवान कार्ड. पॅनासोनिक जीएच५चं ४०० मेगाबिटचं ऑल-इंट्रा मात्र ५० मेगाबाइटचं, ते व्ही६०मध्ये बसतं. असं चित्रीकरण हेच तुमचं मुख्य काम असेल, तर माझं सगळं पक्षीपुराण बाजूला ठेवून व्ही९० घ्या. मधेच थांबलेल्या व्हिडिओला दुसरा खंड्या मिळत नाही.

सीएफएक्सप्रेसबद्दल थोडक्यात. टाइप ए आणि टाइप बी ही निराळीच दुनिया आहे, तिथे कागदावरच्या गोष्टी हजार आणि दोन हजार मेगाबाइटपासून सुरू होतात. कॅमेऱ्यात तो स्लॉट असेल आणि झडी मारायच्या असतील, तर एसडीवर घासाघीस करत बसण्यात अर्थ नाही. नसेल, तर विषय संपला.

माझ्या सांगण्यावर विसंबू नका. स्वतःच्या कॅमेऱ्यावर करून बघा, मित्राचं कार्ड अर्ध्या तासापुरतं उसनं घेऊन. संगणकावरच्या वेगचाचणीने कार्ड आणि रीडर कळतात, कॅमेरा कळत नाही. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. फोकस मॅन्युअलवर, शटरचा वेग चढा, म्हणजे त्या दोघांपायी झड अडणार नाही. मग शटर दाबून धरा, कॅमेरा धापा टाकायला लागला की सोडा आणि लाल दिवा विझेपर्यंत मोबाइलवर वेळ मोजा. नेम भिंतीवर धरू नका, पानांनी गच्च भरलेल्या झाडावर धरा. कॉम्प्रेस केलेल्या रॉ फाइलचा आकार बहुतेक कॅमेऱ्यांत दृश्यातल्या बारकाव्यांवर ठरतो; कोऱ्या भिंतीच्या फाइली हलक्या निघतात आणि कुठलंही कार्ड चलाख वाटायला लागतं. लेन्सचं झाकण लावून तर मुळीच नको. आयएसओ एरवी वापरता तोच ठेवा, कारण चढ्या आयएसओचा नॉइज फाइली फुगवतो. दोन्ही कार्डांना झाड तेच असू द्या.

रीडरचा मुद्दा एरवी तळटीपेत जातो, पण व्ही६०च्या पारड्यात त्याने थोडं वजन टाकलं, हे कबूल केलं पाहिजे. चौसष्ट जीबीचं भरलेलं कार्ड यूएचएस-१च्या ९०च्या चालीने रिकामं करायला बारा मिनिटांच्या आसपास लागतात. यूएचएस-२ कार्ड आणि तसाच रीडर असेल तर २५०च्या चालीने चार-साडेचार मिनिटं. रीडर मात्र वेगळा घ्यावा लागतो. लॅपटॉपच्या कडेला असलेला स्लॉट पुष्कळदा यूएचएस-१च असतो. व्ही६० आणि व्ही९० यांच्यात इथे फारसं डावं-उजवं नाही, कारण वाचनात दोघांचे आकडे जवळपास सारखे असतात.

अजून एक बारीकशी गोष्ट, जी तिन्ही प्रकारांत सारखीच छळते: कार्डाच्या कडेची लॉकची इवलीशी पट्टी. ढिली झाली की कार्ड आत सरकवताना खाली घसरते आणि कॅमेरा ‘कार्ड लॉक आहे’ म्हणून हात वर करतो. काही कंपन्यांनी ही पट्टी आणि पिनांमधल्या नाजूक कडा दोन्ही काढून एकसंध कार्डं आणली आहेत. वेग तोच असेल, तर मी असलं कार्ड आधी उचलतो.

कॅमेऱ्याला दोन स्लॉट असतील, तर ते दोन्ही एकाच जातीचे आहेत का, हे आधी बघा. सोनी ए७ थ्रीमध्ये पहिला स्लॉट यूएचएस-२ आहे, दुसरा यूएचएस-१. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रॉ लिहायला लावलं, की बफर हळू कार्डाची वाट बघत बसतो आणि पहिल्या स्लॉटातल्या भारी कार्डाचा उपयोग जवळपास शून्यावर येतो. लग्नासारखं न चुकवता येणारं काम असेल, तर तो संथपणा सोसून दोन्हीकडे रॉ ठेवावं. तिथे मी वेगासाठी वाद घालणार नाही. पक्ष्यांच्या मागे जाताना मात्र मी रॉ व्ही६०वर टाकतो आणि दुसऱ्या स्लॉटात जुनं व्ही३० ठेवून त्यावर जेपेग. जेपेग हलक्या असल्याने व्ही३० मागे पडत नाही, एक बऱ्यापैकी राखीव प्रतही हाताशी राहते. व्ही९० व्हिडिओचं काम निघतं त्या दिवशी बाहेर येतं, आणि तशी कामं माझ्याकडे फारशी निघत नाहीत.