अक्षरांची कार्डं की वाळूचं ताट?

फोंड्याच्या वहिनी विचारत होत्या, मुलगा साडेतीन वर्षांचा, अक्षरांची कार्डं आणू की ताटात वाळू पसरून देऊ. खर्चाचं म्हणाल तर वाळू फुकटच, धुऊन वाळवली की झालं, आणि आमची कार्डं तर एका पावसाळ्यात दमट होऊन बुरशीने गेली. पण खरा फरक शिकण्यात आहे. कार्डांनी घ-ध, भ-म ओळखता येतात, जोड्या लावता येतात, अगदी बसमध्येसुद्धा. वाळूत बोट फिरलं की ३ कुठे वळतो नि ६ कुठे हे हाताला कळतं, चुकलं तर ताट हलवायचं, मुलं खूश! झाडू मात्र आपल्यालाच मारावा लागतो. वेळ कमी, नुसती ओळख हवी तर कार्डं घ्या, पुढे लिहायला हात तयार करायचा असेल तर वाळूच.