पाय नाही पण पाय दुखतोय, विश्रामबागच्या फिजिओ सेंटरचा अनुभव

आमच्या आण्णांचा उजवा पाय शुगरमुळं गुडघ्याखाली काढावा लागला. जखम छान भरली पण रात्री उठून बसायचे, म्हणायचे नसलेल्या पायाची बोटं कोणतरी पिळतंय. घरात वाटलं मनाला लावून घेतलंय. तसं नसतं ओ, पाय गेला तरी मेंदूत त्याची जागा राहतेच, फँटम पेन म्हणतात याला. मिरजेच्या डॉक्टरांनी नसांच्या गोळ्या दिल्या आणि फिजिओ पण करा म्हणाले, म्हणून सांगलीत विश्रामबागला जायला लागलो.

इथली मिरर थेरपी एक नंबर. दोन पायांच्या मधे आरसा उभा धरायचा, कापलेला पाय आरशामागं, आणि चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत घोटा सावकाश खालीवर, बोटं उघडायची मिटायची, म्हणजे मेंदूला वाटतं गेलेला पायच हलतोय. मॅडमनी पहिल्यांदा आण्णांच्या डाव्या पायातला काळा दोरा सोडायला लावला, कारण आरशात तो उजव्या पायात दिसतो आणि मग मेंदू काय फसत नाही. पाय दिसल्यावर आण्णा रडलेच. मॅडम म्हणाल्या होतं असं, आणि गप बसून राहिल्या, घाई नाही केली.

ही आयडिया मेंदूवर संशोधन करणाऱ्या व्ही. एस. रामचंद्रन यांची, माणूस मूळ तमिळनाडूचा, १९९० नंतरची गोष्ट. २००७ साली अमेरिकेत पाय गेलेल्या सैनिकांना रोज १५ मिनिटं असं ४ आठवडे करायला लावलेलं, आरसावाल्या सगळ्यांचं दुखणं उतरलं, पण माणसं मोजकीच होती त्यामुळं प्रत्येकाला लागू पडेल असं मी म्हणणार नाही. आण्णांचं पूर्ण गेलं नाही, पण झोप लागते आता.

पॅकेज गळ्यात मारलं नाही हे विशेष, शिकवलं आणि घरी करा म्हणाल्या. काचवाल्याकडनं कडा घासून आरसा आणला, झालं काम.

टेन्सचं मशीन (करंटचं ओ) ठीकठाक, लावलंय तोवर बरं, काढलं की परत सुरू. पेसमेकर असेल तर आधी सांगा. उरलेल्या पायाच्या टोकाला टॉवेलनं चोळणं, टिचक्या मारणं आई घरीच करते. पाहुण्यांनी सुचवलेला चुंबकाचा पट्टा मात्र पैसे पाण्यात. आणि गोळ्या बंद करा असं कोण म्हणालं तर तिथनं सरळ उठा.

तीनच स्टार देतोय कारण सेंटर पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, पाय गेलेल्या माणसानं कुबड्या घेऊन जिना चढायचा कसा?