फास्टएपीआय: फ्रीलान्स कामासाठी घ्यावे का?

वेब एपीआयची कामे शोधणाऱ्या फ्रीलान्सरसमोर पायथनचे फास्टएपीआय हे फ्रेमवर्क (एपीआय लिहिण्याचा तयार सांगाडा) आले की आधी वेगाच्या चाचण्यांचे तक्ते येतात. ते बाजूला ठेवा. छोट्या क्लायंटचा एपीआय बहुतेक वेळा डेटाबेसपाशी अडतो. फास्टएपीआयचा खरा फायदा डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. फंक्शनला टाइप हिंट (कोणती माहिती कोणत्या प्रकारची, ही नोंद) दिल्या की ओपनएपीआय स्कीमा (एपीआयचे ठरावीक साच्यातले वर्णन) आपोआप बनतो आणि '/डॉक्स'वर स्वॅगरचे, म्हणजे एपीआय ब्राउझरमध्येच पाहता येईल असे, पान दिसते. डेटाबेस जोडण्याआधी पायडँटिक या माहिती तपासणाऱ्या लायब्ररीची मॉडेल्स आणि पोकळ एंडपॉइंट (एपीआयचे पत्ते) लिहून हे पान क्लायंटला दाखवावे, लेखी होकार घ्यावा, मगच रक्कम सांगावी. 'हे फील्ड तर हवंच होतं' ही कटकट बरीच कमी होते.

सगळ्यात मोठा सापळा 'असिंक डेफ'चा, म्हणजे वाट पाहताना दुसरे काम करू देणाऱ्या फंक्शनचा. त्याच्या आत नेहमीच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीने पेमेंट सेवेला कॉल केला, तर उत्तर येईपर्यंत इव्हेंट लूप (कामे आळीपाळीने चालवणारे चक्र) थांबतो आणि त्या वर्करवरच्या (सर्व्हरच्या त्या प्रोसेसवरच्या) बाकी सगळ्या रिक्वेस्ट ताटकळतात. एकट्याने टेस्ट करताना हे कळतच नाही. लाइव्ह गेल्यावर कळते. रिक्वेस्ट्सऐवजी एचटीटीपीएक्स या लायब्ररीचा असिंक क्लायंट वापरा, नाहीतर सरळ साधे 'डेफ' लिहा. ते वेगळ्या थ्रेडमध्ये चालते (मूळ मर्यादा ४० थ्रेड). शंका असेल तिथे साधे 'डेफ'च बरे.

बॅकग्राउंड टास्क्सवरही (उत्तर पाठवल्यानंतर मागे चालणाऱ्या कामांवरही) फार विसंबू नये. ती त्याच प्रोसेसमध्ये चालतात, सर्व्हर रीस्टार्ट झाला की राहिलेले काम गेले. स्वागताच्या ईमेलला ठीक. बिलांसाठी सेलरीसारखी, कामे वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणारी रांग हवी.

फास्टएपीआयमध्ये ॲडमिन पॅनेल, युजर टेबल, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) यातले काहीच तयार मिळत नाही. डेटाबेससाठी एसक्यूएलअल्केमी आणि मायग्रेशनसाठी अलेम्बिक स्वतः जोडावे लागतात, आणि ते तास कोटेशनमध्ये धरायचे राहून जातात. क्लायंटला स्क्रीनवरून नोंदी बदलायच्या असतील तर ॲडमिन पॅनेल तयार देणारे पायथनचेच जँगो घ्या, उगाच हट्ट नको.

२०१८ मध्ये आलेल्या या फ्रेमवर्कने शून्यापासून सुरू होणारे आवृत्ती क्रमांक वर्षानुवर्षे चालू ठेवले, म्हणजे नव्या आवृत्तीत जुना कोड मोडू शकतो; त्यामुळे रिक्वायरमेंट्समध्ये (लायब्ररींच्या यादीत) नेमकी आवृत्ती बांधून टाका. पायडँटिक २ (२०२३) नंतर डेटाबेसच्या नोंदीवरून मॉडेल बनवू देणाऱ्या 'ओआरएम_मोड' या सेटिंगच्या जागी 'फ्रॉम_ॲट्रिब्यूट्स' आले; जुने ट्युटोरियल पाहून लिहिलेला कोड इथेच अडखळतो.

फ्रंटएंडवाल्यांची एक तक्रार मात्र रास्त आहे. चुकीच्या इनपुटला ४२२ हा एरर कोड मिळतो आणि त्यातल्या 'डिटेल'मध्ये यादी असते. आपण स्वतः दिलेल्या एररमध्ये (एचटीटीपीएक्सेप्शन) तिथेच बहुधा साधा मजकूर असतो. दोन्ही सरसकट मजकूर समजून छापले की स्क्रीनवर 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट' उमटते. रिक्वेस्ट व्हॅलिडेशन एररसाठी स्वतःचा हँडलर (एररचे उत्तर ठरवणारे फंक्शन) पहिल्याच दिवशी लिहावा. उत्तरात कोणती फील्ड जातील हे ठरवणारे 'रिस्पॉन्स_मॉडेल'ही तेव्हाच लावा, नाहीतर युजरच्या नोंदीबरोबर पासवर्डचा हॅशही बाहेर जाऊ शकतो. खासगी एपीआय असेल तर प्रॉडक्शनवर 'ओपनएपीआय_यूआरएल'ची किंमत 'None' (काहीच नाही) करा, म्हणजे डॉक्सचे पानही बंद होते.