लव्हज् फील्ड, नॉर्मन: पॅटी गॅसो यांच्या कारकिर्दीने उभे केलेले मैदान

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात नॉर्मन या गावी, ओक्लाहोमा विद्यापीठाच्या महिला सॉफ्टबॉल संघासाठी बांधलेले लव्हज् फील्ड हे मैदान प्रेक्षक म्हणून आवर्जून पाहावे असे आहे. मात्र तेथे जाण्यापूर्वी मुख्य प्रशिक्षिका पॅटी गॅसो यांची कारकीर्द थोडी तरी माहीत करून घ्यावी, कारण एरवी एखाद्या विद्यापीठाने या खेळावर सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर का खर्च केले असतील, याचा उलगडा होत नाही. १ मार्च २०२४ रोजी खुल्या झालेल्या या मैदानाची क्षमता ४,२०० प्रेक्षकांची आहे आणि विद्यापीठाच्या आवारातील सॉफ्टबॉल मैदानांत ते देशातील सर्वांत मोठे मानले जाते. नाव मात्र महामार्गांवर पेट्रोल पंप आणि विश्रांतीचे थांबे चालवणाऱ्या ओक्लाहोमा सिटीतील देणगीदार कंपनीचे आहे. गॅसो यांचे नाव अधिक शोभले असते असे मला वाटते, पण देणगी देणाऱ्याची पाटी लावण्याची रीत आपल्याकडच्या देवळांच्या पायऱ्यांपासून तिकडच्या विद्यापीठांपर्यंत सारखीच दिसते.

मैदानाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे खेळाचे जवळून होणारे दर्शन. महाराष्ट्रात शालेय किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळलेल्या वाचकांना नियम सांगायला नकोत. ज्यांची नजर क्रिकेटला सरावलेली आहे त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की येथे पिचर केवळ ४३ फुटांवरून, खांद्याखालून हात फिरवून चेंडू टाकते. त्यामुळे ताशी ११० किलोमीटर वेगाच्या चेंडूला बॅटरकडे जेमतेम ०.४ सेकंद असतात, म्हणजे क्रिकेटमधल्या अतिजलद गोलंदाजीला मिळतात जवळपास तेवढेच. दूरचित्रवाणीवर हा वेग कळत नाही. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर जिथे उभी राहते त्या जागेच्या, मागच्या जागा महाग असल्या तरी पहिल्या भेटीत तिथेच बसावे, कारण वर उसळत येणारा चेंडू आणि ऐन वेळी खाली बुडणारा चेंडू यांतला फरक तिथूनच कळतो.

गॅसो १९९५ च्या हंगामापासून या संघाच्या मुख्य प्रशिक्षिका आहेत. त्या मूळच्या कॅलिफोर्नियाच्या. लाँग बीच सिटी कॉलेजमध्ये प्रशिक्षण देऊन त्या येथे आल्या, तेव्हा संघाला स्वतःचे मैदान नव्हते आणि सामने रीव्हज पार्क या गावच्या सार्वजनिक उद्यानात होत. विद्यापीठाचे पहिले सॉफ्टबॉल संकुल १९९८ मध्ये झाले आणि अवघ्या दोन वर्षांत, २००० साली, गॅसो यांच्या संघाने अंतिम सामन्यात त्या काळच्या बलाढ्य यूसीएलएला (लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ) ३-१ असे हरवून पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. आज त्यांच्या नावावर आठ विजेतेपदे आहेत. २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदे याआधी कोणत्याही संघाला साधली नव्हती. यूसीएलएची मजल १९८८ ते १९९० या सलग तीन वर्षांपर्यंत होती.

तरीही मला या कारकिर्दीतील अधिक मोलाचा भाग वाटतो तो पहिल्या आणि दुसऱ्या विजेतेपदामधील तेरा वर्षांचा. २००५ ते २०१० या सहा हंगामांत संघ अंतिम आठांत, म्हणजे विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये, एकदाही पोहोचला नाही. आज इतक्या सहनशीलतेने वाट पाहणारे विद्यापीठ सापडणे कठीण आहे. २०१३ मध्ये केलानी रिकेट्स आणि २०१६-१७ मध्ये पेज पार्कर यांच्यासारख्या प्रमुख पिचरवर मोठा भार टाकून त्यांनी विजेतेपदे मिळवली. २०१७ च्या अंतिम फेरीतील फ्लोरिडा विद्यापीठाविरुद्धचा पहिला सामना तर एरवीच्या सात इनिंगऐवजी (डावांऐवजी) १७ इनिंगपर्यंत लांबला. पुढच्या काळात मात्र त्यांनी हा भार तीन-चार पिचरमध्ये वाटला, त्यामुळे दुसऱ्यांदा बॅटिंगला येणाऱ्या खेळाडूसमोर बहुधा वेगळ्याच हाताचा चेंडू येऊ लागला. बॅटिंगमधील दबदबा त्याला जोडूनच आला, ज्याचा कळस म्हणजे जॉसलिन अ‍ॅलोचे कारकिर्दीतील १२२ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके). सामना पाहताना धावफलकाइतकेच लक्ष पिचर बदलण्याच्या वेळेकडे ठेवावे. गॅसो यांचा विचार तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

नव्या मैदानाची सुरुवात मात्र ठरवल्यासारखी झाली नाही. उद्घाटनाच्याच आठवड्याअखेरीस, ३ मार्च २०२४ रोजी, लुइझियाना विद्यापीठाच्या संघाने आठव्या इनिंगमध्ये ७-५ असा विजय मिळवून ओक्लाहोमाची सलग ७१ विजयांची मालिका येथेच खंडित केली. संघाने त्याच वर्षी पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, ही गोष्ट वेगळी.

उणिवांचे बोलायचे तर वसंतातील ओक्लाहोमाचा वारा आणि दुपारचे ऊन यांना तोंड देण्याची तयारी हवी. टोपी आणि हलके जाकीट दोन्ही सोबत ठेवावीत. फेब्रुवारीतील दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची तिकिटे घेण्यात फारसा अर्थ नाही, कारण पाच इनिंगनंतर आठ धावांची आघाडी असली की सामना तिथेच संपतो आणि दूरवरून आलेल्या माणसाच्या पदरी दीड तासाचाच खेळ पडतो. जुलै २०२४ मध्ये विद्यापीठ साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या क्रीडा-गटात दाखल झाल्यापासून मार्च-एप्रिलमधील तीन सामन्यांच्या मालिका खऱ्या चुरशीच्या होतात. पैसे त्यांवरच खर्च करावेत.

वर्ल्ड सिरीज पाहायची असल्यास उत्तरेला अर्ध्या तासावरील ओक्लाहोमा सिटीच्या डेव्हन पार्कमध्ये जावे लागते. तेथे सुमारे १३,००० प्रेक्षक बसतात, शेजारी सॉफ्टबॉलचे राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधील सॉफ्टबॉलही तेथेच खेळवले जाणार आहे. गर्दीचा थरार तिथे निश्चितच मोठा आहे, पण एक प्रशिक्षिका संघ कसा चालवते हे पाहायचे असेल, तर मी नॉर्मनचेच तिकीट काढेन.