पहिल्या महिला पंतप्रधान: भाषणासाठी इंदिराजी घ्याव्यात की सिरिमावो?

वक्तृत्व स्पर्धेत ‘पहिल्या महिला पंतप्रधान’ असा विषय आला की आपल्याकडची बहुतेक मुलं डोळे मिटून इंदिरा गांधी घेतात. माझं मत आधीच सांगते. सात मिनिटांचं भाषण असेल तर श्रीलंकेच्या सिरिमावो बंदरनायके घ्या. महिनाभर वाचायची तयारी असेल, तर इंदिराजी.

‘पहिल्या’ म्हणाल, तर जगातल्या पहिल्या सिरिमावोच. २१ जुलै १९६० ला त्यांनी शपथ घेतली. इंदिराजी २४ जानेवारी १९६६ ला पंतप्रधान झाल्या. पण दोघींची वाट फार वेगळी. सिरिमावोंचे पती पंतप्रधान होते. सप्टेंबर १९५९ मध्ये एका बौद्ध भिक्षूने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तोवर घर सांभाळणाऱ्या या बाईंनी पुढच्या वर्षी पक्षासाठी गावोगाव सभा घेतल्या. सभेत दिवंगत पतीच्या भाषणाची टेप लावली जायची आणि मग त्या बोलायच्या. स्वतः निवडणूक लढवलीच नाही. सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, राहून पंतप्रधानपद सांभाळलं. इंदिराजींना मात्र शिकाऊ उमेदवारीचा काळ मिळाला होता: १९५९ मध्ये काँग्रेसचं अध्यक्षपद, मग शास्त्रीजींच्या मंत्रिमंडळात माहिती आणि नभोवाणी खातं. शास्त्रीजी गेल्यावर पक्षात सरळ मतदान झालं आणि त्यांनी मोरारजी देसाईंना ३५५ विरुद्ध १६९ मतांनी हरवलं. ‘गूंगी गुड़िया’ म्हणून हिणवलं गेलं ते त्यानंतर.

कारभाराची यादी इंदिराजींची मोठी आहे: १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण, १९७१ चं बांगलादेश युद्ध, १९७४ ची पोखरण चाचणी. आणि १९७५ ची आणीबाणी. ती वगळून इंदिराजींवर भाषण करू नका. कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत त्याच काळात लेखनस्वातंत्र्यासाठी निर्भयपणे उभ्या राहिल्या, एवढं तरी मराठी मुलांनी सांगितलंच पाहिजे. हे सगळं सात मिनिटांत बसवायला गेलं की नुसत्या घोषणा उरतात, म्हणून वेळ कमी असेल तर मी सिरिमावो सुचवते.

त्यांचीही बाजू स्वच्छ नाही. १९६१ पासून त्यांनी सिंहली हीच सरकारी भाषा म्हणून नेटाने राबवली आणि उत्तरेतल्या तमिळांनी सत्याग्रह केला. श्रीलंकेतल्या पुढच्या यादवी युद्धाच्या रक्तपाताची मुळं शोधताना हे टाळता येत नाही. १९६४ मध्ये त्यांनी शास्त्रीजींशी करार केला. त्यानुसार मुख्यतः चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांपैकी ५ लाख २५ हजार जणांनी भारतात जायचं आणि ३ लाखांना श्रीलंकेचं नागरिकत्व मिळायचं असं ठरलं. कित्येकांचा तर जन्मच तिथला. या आकड्यांमागची माणसं भाषणात आलीच पाहिजेत.

मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो १९७७ चा पराभव. एकाच वर्षी दोघी हरल्या, मार्चमध्ये इंदिराजी आणि जुलैमध्ये सिरिमावो. इंदिराजींचा रायबरेलीत स्वतःचाच पराभव झाला. सिरिमावोंची जागा टिकली, पण पक्षाला अवघ्या ८ जागा मिळाल्या. पुढे काय केलं, यावरून माणूस कळतो. दलितांच्या हत्याकांडानंतर बिहारमधल्या बेलछी गावी जायला चिखलातून गाडी जाईना, तेव्हा इंदिराजी हत्तीवर बसून गेल्या. १९७८ मध्ये चिकमगळूरमधून निवडून आल्या, त्याच वर्षी लोकसभेतून काढल्या गेल्या, तिहारमध्ये राहिल्या आणि १९८० मध्ये पुन्हा पंतप्रधान झाल्या. सिरिमावोंचे नागरी हक्क १९८० मध्ये सात वर्षांसाठी काढून घेतले गेले. त्या थांबल्या, १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी लढून हरल्या, आणि १९९४ मध्ये मुलगी चंद्रिका राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ७८ व्या वर्षी तिसऱ्यांदा पंतप्रधान झाल्या. खरी सत्ता तेव्हा मुलीकडे होती, हेही सांगा.

इंदिराजींसाठी मराठीत वाचायला भरपूर मिळेल. सिरिमावोंसाठी इंग्रजीकडे वळावं लागेल, मुलांना तेवढी मदत करा. आणि सिरिमावो घेतल्यात तर सुरुवात जन्मापासून नको. १० ऑक्टोबर २००० पासून करा: श्रीलंकेत मतदानाचा दिवस, ८४ वर्षांच्या सिरिमावो मत देऊन परत निघालेल्या, आणि वाटेतच त्यांचं हृदय थांबलं.