बेचाळीस हजार साडेचारशेचा ठोकळा

आधी आकडा लिहून टाकते, म्हणजे लाज वाटायची ती एकदाच वाटेल. ४२,४५० रुपये. घरी मी वीस हजार सांगितलेत. ह्यांनी हे वाचलं तर रात्री वेगळा पंचनामा होईल, तो होऊ दे.

मी नवी मुंबईत, रबाळ्यात एका कंपनीत क्वालिटीला आहे, सोळा वर्षं झाली. दिवसभर हातात मापं घ्यायचं व्हर्नियर नाहीतर बोअर गेज. वीस मायक्रॉनसाठी (मिलिमीटरचा पन्नासावा भाग) लोकांचे जॉब परत पाठवते, सुपरवायझर तोंडावर गोड बोलतात आणि पाठीमागे शिव्या घालतात. अशी बाई फसली, म्हणून लिहितेय. ‘शिकलेली माणसं कशी फसतात’ असं मीही म्हणत आलेय.

कंपनीच्या पिकनिकला पेंटबॉल खेळले, एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ, आणि ते डोक्यात बसलं. बाहेरचे लोक जिला गन म्हणतात तिला खेळात मार्कर म्हणतात. मला पंपवाला मार्कर हवा होता, प्रत्येक शॉटला हाताने पंप ओढायचा तो, आणि त्याची बॉडी मला माझ्या ड्रॉइंगवरून, अख्ख्या ठोकळ्यातून काढून घ्यायची होती. हौस. पुरुष बुलेटच्या सायलेन्सरवर तीस हजार घालतात तेव्हा कोणी विचारत नाही.

बॉडी दिसायला सोपी असते. एकावर एक दोन लांब भोकं, वरच्यात बोल्ट, खालच्यात हॅमर आणि व्हॉल्व्ह. गोळी ०.६८ इंचाची, म्हणजे साधारण १७.३ मिमी. पण ती दोन भोकं एकमेकांना समांतर हवीत आणि आतून आरशासारखी, नाहीतर ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) फाटते आणि हवा गळते. पुढे बॅरलचा आटा १५/१६ इंच, इंचाला वीस. असा आटा पाडायचा टॅप आपल्याकडे कोणाच्या खणात सहज सापडत नाही, आणि पुढचं रामायण तिथूनच सुरू झालं.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये चार दारं फिरले. १९६२ साली एमआयडीसीने कामाला सुरुवात केली ती याच भागातून, तिथे एक पीस करून मिळणार नाही तर कुठे? नाही मिळत. प्रोग्रॅम तोच, फिक्स्चर (जॉब धरायची पकड) तेच, सेटिंगला वेळ तेवढाच, मग पाचशे पीस सोडून तुमच्या एकासाठी मशीन कोण थांबवेल? एकाने ६५,००० सांगितले, बाकीच्यांनी चहा पाजला. म्हणून ओळखीच्या ओळखीतून ‘सिंगल पीस घेतो’ असा माणूस मिळाला तेव्हा मी हुरळले. उगाच नाही हुरळले, एवढंच म्हणणं आहे.

त्याने रबाळ्याच्याच एका गाळ्यावर बोलावलं. दोन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन्स, चालू होती, पोऱ्याने कटिंग आणून दिला, हा मशीनवर हात ठेवून उभा, जसा काही मालकच. बाहेरच्या बोर्डावर नाव वेगळं होतं. विचारलं. ‘भावाच्या नावावर आहे, ताई.’ कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं, त्यावर जीएसटी नंबर नाही: प्रोग्रॅम आणि फिक्स्चर ९,०००, मटेरियल ३,५००, मशिनिंग १८,५००, होनिंग (भोकं आतून घासून गुळगुळीत करणं) ३,५००, काळं ॲनोडायझिंग (वरचा रंगीत थर) ४,०००. एकूण ३८,५००. आकडे इतके सुटसुटीत फोडलेले की मला वाटलं माणूस कामातला आहे. कामातला होताच, फक्त काम वेगळं.

४ ऑगस्ट २०२५ ला निम्मे, १९,२५०. यूपीआयवर नाव आलं एका बाईचं. ‘मिसेसचं खातं आहे.’ १२ तारखेला टॅप मागवायला ४,८००. (कोटेशनच्या पलीकडे पहिला रुपया मागितला की तिथेच थांबा. मी थांबले नाही.) मग २० तारखेला व्हिडिओ आला.

हा व्हिडिओ बावीस सेकंदांचा आहे. मी तो तीसेक वेळा पाहिला असेल. मशीनचं दार अर्धं उघडं, व्हाइसमध्ये काहीतरी चौकोनी, टूल खाली येतं, कडेने फिरतं, वर जातं. मागे रेडिओवर गाणं. आणि टेबलावर, व्हाइसच्या दोन्ही बाजूंना, बारीक करडी भुकटी. कोरडी. ॲल्युमिनियम कापताना काय पडतं हे मला झोपेतही सांगता येईल: चकचकीत, वळलेल्या चिप्स, कूलंटमध्ये भिजलेल्या, दारापर्यंत उडालेल्या. करडी कोरडी भुकटी पडते ती कास्ट आयर्नची. मी व्हिडिओ थांबवला, दोन बोटांनी मोठा केला, भुकटी ओळखली. आणि स्वतःला सांगितलं, आधीच्या जॉबची असेल, पोरांनी साफ केलं नसेल.

सोळा वर्षांत एकाही सप्लायरचं ‘साफ केलं नसेल’ मी ऐकून घेतलेलं नाही.

बाजूच्या टेबलावरच्या मुलीला दाखवला असता तरी ती दोन सेकंदांत बोलली असती. दाखवला नाही, कारण मग पेंटबॉल काढावा लागला असता, आणि पंचेचाळिशीतल्या बाईचा हा शौक ऑफिसात कोण सांगणार? व्हिडिओच्या खालीच मेसेज होता, लांब रीमर (भोक नेमक्या मापात आणायचं टूल) भोकात तुटला, ६,४००. दिले.

मग गणपती. ‘पोरं कोकणात गेलीत ताई, विसर्जनानंतर बघू.’ यावर कोण काय बोलणार? आमच्याकडचा अर्धा स्टाफही कोकणातच होता. सव्वीस ऑगस्टपासून चौदा दिवस मला सभ्यपणे गप्प बसवण्यासाठी त्याला एक वाक्य पुरलं.

१० सप्टेंबरला खोका आला. मी सोसायटीच्या गेटवर, टेम्पोवाला पोरगा घाईत, हा फोनवर: ‘बॅलन्स टाका ताई, बारा हजारच द्या, पोराला वेटिंग लागतंय.’ मी खोका हातात घेतला. चांगला जड लागला. जड लागला म्हणून मी खूश झाले! माझ्याच ड्रॉइंगवर तयार बॉडीचं वजन ४१० ग्रॅम लिहिलेलं आहे. जड म्हणजे आतलं काहीच कापलेलं नाही, हे कळायला क्वालिटीची नोकरी लागत नाही, भाजी घेणारीलाही कळतं. १२,००० टाकले. वर गेले, बबल रॅप सोडला. करवतीने कापलेला ठोकळा. एक भोक नाही. कडांची बर, म्हणजे कापल्यावर राहणारी धार, तीसुद्धा काढलेली नाही, अंगठ्याला लागली. वाण्याच्या काट्यावर २ किलो ३१० ग्रॅम.

पुढे ९४४ रुपये भरून त्याचं स्पेक्ट्रो केलं, म्हणजे धातूत काय किती आहे ते तपासून घेतलं, चीड म्हणून. मला हवं होतं ते ॲल्युमिनियम ६०६१ ग्रेडचं, त्यात तांबं ०.१५ ते ०.४० टक्के असावं लागतं. आलं ०.०३. म्हणजे खिडक्यांच्या सेक्शनला लागणारा ६०६३. ठोकळासुद्धा खोटा. मटेरियल स्वतः आणा, मुंबईच्या धातूबाजारातून, गुलालवाडीतून आणा, टेस्ट सर्टिफिकेटसकट आणा, आणि दोन्ही टोकांना तुमचा पंच (ठोकून उमटवलेली खूण) मारूनच चलनावर द्या.

फोन केला तर उचलला नाही. चिडून मेसेज टाकला, त्याला उत्तर आलं: ‘गन बनवायला दिली होती तुम्ही. ड्रॉइंग आहे माझ्याकडे. जा पोलिसात.’ ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मीच ‘ट्रिगर फ्रेम’ लिहिलं होतं. सोळा दिवस मी गप्प बसले. नवरा बाहेर गेला की बाल्कनीत जाऊन ड्रॉइंगचे प्रिंट फाडायचे. त्या सोळा दिवसांबद्दल मला कोणी काही बोलू नये. पण तुम्ही बसू नका, त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा, पैसे समोरच्याच्या खात्यात अडकवता येण्याची काही शक्यता असते ती तेव्हाच.

गाळ्यावर गेले, न सांगता, जे मी पहिल्याच वेळी करायला हवं होतं. खरा मालक भला माणूस निघाला. ‘तो? तो काम आणून देतो कधीतरी, नाहीतर चहा प्यायला येतो.’ मशीन कोणाचं ते विचारा. विजेचं बिल मागा. लाजू नका.

पोलीस ठाणं पहिलं. पैसे मोबाइलवरून गेले? मग सायबर. सायबरच्या टेबलावर: ओटीपी मागितला का? लिंक पाठवली का? नाही? तुम्ही स्वतःहून पाठवलेत ना? मग हा व्यवहार आहे, फ्रॉड नाही. काम कुठे द्यायचं होतं? मग त्या हद्दीत जा. त्या हद्दीत गेले. पैसे देताना तुम्ही घरी होता ना, मग तुमच्या हद्दीत जा. रिक्षाचे पैसे मी वर धरलेले नाहीत. नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यायची आहे. मी ते पान छापून नेलं. ‘मॅडम, तुम्ही वकील का?’ फसवणुकीला आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८ लागतं, हेही मीच सांगितलं. उत्तर: ‘दिवाणी स्वरूपाचं दिसतंय.’

आणि वस्तू कोणती? बंदुकीची बॉडी? एवढं म्हटल्यावर शेजारच्या टेबलावरचे तिघं खुर्च्या ओढून आले. मी समजावलं, हे मूळ झाडांवर, गुरांवर रंगाची खूण करायचं अवजार, १९८१ साली अमेरिकेत त्याचा पहिला खेळ झाला, गोळी म्हणजे जिलेटिनचं कवच आणि आत पाण्याने धुतला जाणारा रंग. खात्री पटावी म्हणून पर्समधली एक काढून टेबलावर ठेवली. दमट हवेने ती फुगलेलीच होती. हवालदारांनी चिमटीत धरून दाबली आणि फुटली, नारिंगी रंग स्टेशन डायरीवर. धुतला जातो हे सिद्ध झालं. माझं म्हणणं त्या दिवशी पुढे कोणी ऐकलं नाही. हातात आला अर्जाच्या झेरॉक्सवर ‘पोच’चा शिक्का, तारीख अर्धी उमटलेली.

बँकेने एकवीस दिवसांनी कळवलं की व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झाला आहे. संमती होतीच हो, ठोकळ्याला नव्हती.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतेय. पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि काम धंद्यासाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं, म्हणून मी ‘ग्राहक’ ठरते असं वकीलबाई म्हणतात. ‘हौस’ हा शब्द अर्जात घालायचा की नाही यावर आमचा अर्धा तास गेला. घातला. खोका, बबल रॅप, टेम्पोची पावती, सगळं तसंच ठेवलंय. तुम्हीही खोका उघडताना व्हिडिओ काढा, आणि पैसे त्यानंतर.

त्याचं नाव आणि नंबर वकीलबाईंनी लिहू दिला नाही. पण त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर काल ‘सिंगल पीस जॉबवर्क, खात्रीशीर’ असं लिहून तोच व्हिडिओ होता. बावीस सेकंद, तेच गाणं. टेबल अजून साफ केलेलं नाही.